खेळापासून प्रयोगापर्यंत

गारुडी करतो तो खेळ आणि रंगमंचावर जादूगार करतो तो प्रयोग, असा भेद आपल्या भाषेने सहजगत्या करून ठेवला आहे. जुन्या नाटकमंडळ्या आपल्या नाटकासही खेळच म्हणत, हे खरे. परंतु जादूच्या बाबतीत या दोन शब्दांमधले अंतर तोडण्यास कित्येक कलावंतांचे आयुष्य खर्ची पडले आहे.

आठवड्याच्या बाजारात पिंपळाच्या सावलीला झोळी उतरवून बसणाऱ्या गारुड्याजवळ पडदा नसे, पाठीशी भिंत नसे, आणि चारही अंगांनी पोरेसोरे इतकी खेटून बसलेली असत की त्याच्या मनगटावरची शीरदेखील त्यांना दिसावी. अशा उघड्या रिंगणात आंब्याची कोय मातीत पुरून, वर फडके धरून, घटकाभराने कोवळ्या पानांचे रोप दाखविणे, अथवा टोपलीत बसविलेल्या मुलाच्या अंगातून तलवार आरपार घालून तेच मूल धडधाकट बाहेर काढणे ज्याला साधले, त्याची परीक्षा युरोपातील नाट्यगृहात उभ्या राहणाऱ्या जादूगाराहून कितीतरी कठोर होती, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही ओंजळभर जोंधळे आणि चार तांब्याची नाणी एवढीच त्याची बिदागी. आणि तो गाव सोडून गेला की त्याचे नाव काय होते, हे कोणी विचारीत नसे. कसब होते, नाव नव्हते.

नाव मिळविण्याची युक्ती युरोपात ज्याने सिद्ध केली तो रोबेर-हूदँ हा फ्रान्समधील ब्ल्वा गावचा घड्याळजी. घड्याळांवरचा ग्रंथ मागविला असता दुकानदाराने चुकून जादूवरची पुस्तके बांधून दिली आणि आयुष्याची दिशा पालटली, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. १८४५ साली पॅरिसच्या पॅले-रॉयाल भागात त्याने स्वतःचे लहानसे नाट्यगृह थाटले, तेव्हा जादूगार म्हणजे नक्षत्रे रेखलेला पायघोळ झगा, निमुळती टोपी आणि जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या कापडाखाली सारे गुपित दडविणारे मेज, अशी लोकांची समजूत होती. हूदँने हे सारे दूर सारले आणि समोरच्या खुर्च्यांवर जे प्रतिष्ठित लोक बसत, त्यांचाच सायंकाळचा काळा पोशाख अंगावर चढवला. प्रेक्षकाने आपल्याला बरोबरीचा गृहस्थ मानावे, हा त्यामागचा हेतू होता.

आपल्याकडे मैदान आणि रंगमंच यांच्यामधला दुवा झाली ती सर्कस. कुरुंदवाडच्या संस्थानिकांच्या पदरी असलेले अश्वविद्येचे जाणकार विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली मुंबईत पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि तंबू, तिकीट, जाहिरात व ठरलेली वेळ ही शिस्त अंगमेहनतीच्या कलावंतांस लावून दिली. पुढे बंगालातही प्रोफेसर बोस यांची सर्कस निघाली, आणि तिच्यात पेटीतून अदृश्य होण्याचे प्रयोग करून गणपती चक्रवर्ती यांनी ख्याती मिळविली. त्यांचेच शिष्य प्रतुलचंद्र सरकार.

१९१३ साली टांगाईलकडे जन्मलेल्या या शागिर्दाने हातचलाखीइतकीच नावाचीही तालीम केली. सरकार हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना त्यांनी अक्षरे अशी फिरविली की इंग्रजी वाचकास ‘सॉर्सरर’, म्हणजे मांत्रिक, या शब्दाचा भास व्हावा. आपल्या प्रयोगास त्यांनी ‘इंद्रजाल’ म्हटले. श्रीहर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत ऐंद्रजालिक राजासमोर येतो आणि अंतःपुरास आग लागल्याचा देखावा उभा करतो. त्या प्राचीन विद्येशी या एका शब्दाने त्यांनी आपले नाते जोडून घेतले. आणि पोशाख? हूदँने जो काळा विलायती पोशाख प्रतिष्ठेसाठी स्वीकारला, तोच सरकारांनी प्रतिष्ठेसाठी उतरविला, आणि शेरवानी, फेटा, फेट्यावर तुरा असा महाराजाचा थाट धारण केला. दिशा उलट, परंतु मागणी एकच. हा माणूस आता रस्त्यावर बसणार नाही, हे प्रेक्षकाने पडदा उघडताक्षणी ओळखावे.

९ एप्रिल १९५६ रोजी लंडनमध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात त्यांनी आपली सहकारी दीप्ती डे हिला मेजावर निजवून यांत्रिक करवतीने मधोमध कापल्याचे दाखविले. करवत थांबली, त्यांनी तिचे हात चोळले, तिला हाक मारली, पण मुलगी डोळे उघडीना. त्यांनी तिच्या चेहऱ्यावर वस्त्र ओढले, आणि निवेदक रिचर्ड डिंबलबी यांनी तेवढ्यातच कार्यक्रम संपल्याची घोषणा केली. मुलगी मेली काय, हे विचारणाऱ्यांच्या दूरध्वनींनी बीबीसीची यंत्रणा तुंबली. मुलगी अर्थातच सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी ती बातमी वृत्तपत्रांत झळकली, आणि ड्यूक ऑफ यॉर्क नाट्यगृहातील त्यांच्या प्रयोगांना गर्दी लोटली. कोणत्या क्षणी थांबावे हे ज्ञान गारुड्यालाही असते. कोय उगवण्याच्या ऐन वेळी हात आखडता घेऊन तो झोळी फिरवितो, ते याच ज्ञानाच्या बळावर.

आमच्या पुण्यात हे अंतर एकाच हयातीत कापले ते रघुवीर भोपळे यांनी. चाकणजवळच्या आंबेठाणचा हा मुलगा रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका राजस्थानी जादूगाराकडून विद्या शिकला, आणि जादूगार रघुवीर या नावाने देशोदेशी प्रयोग करून आल्यावर त्याने ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहिले. ज्या विद्येचा गुरू झाडाखाली बसत होता, तिचा शिष्य ग्रंथकार झाला, याचे मला मोठे अप्रूप वाटते.

सरकारांना १९६४ साली पद्मश्री मिळाली. ६ जानेवारी १९७१ रोजी जपानच्या होक्काइदो बेटावर, दौऱ्यात असतानाच, त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र प्रदीपचंद्र यांनी पित्याचेच नाव धारण करून ‘इंद्रजाल’ पुढे चालविले. थोरल्या सरकारांच्या त्या प्रयोगात एक साधे भांडे होते. पहिल्या प्रवेशात ते उपडे करून त्यातले सारे पाणी ओतून टाकीत आणि भांडे बाजूला ठेवीत; मग दुसरा देखावा होई, आणि तो संपताच, जाता जाता सहज आठवल्यासारखे, ते पुन्हा त्या भांड्याकडे वळत, ते तिरके करीत, आणि त्यातून पुन्हा पाण्याची धार लागे.