दरमहा दीड टक्का

१९५८ च्या सप्टेंबरांत बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेझ्नो शहरीं ६०,००० उधारीचीं कार्डें, कोणीं मागितलीं नसतां, टपालानें घरोघर धाडलीं. व्याज दरमहा शेंकडा दीड. ऐकावयास किती क्षुल्लक! महिन्याचें बिल पुरतें चुकविणारास तेंहि माफ. बाकी पुढें ढकलणारास मात्र व्याजावर व्याज; कांहींच न फेडल्यास चार वर्षांच्या आंत मुद्दल दुप्पट होई. आपल्या जुन्या दामदुपटीनें व्याजास तेथेंच अडविलें असतें. तिकडेहि राज्योराज्यीं व्याजाची कमाल मर्यादा ठरविणारे कायदे होते. पण राष्ट्रीय बँकेस ती ज्या राज्यांतली, तेथील दर परराज्यांतील गिऱ्हाइकांकडूनहि घेतां येईल, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयानें १९७८ सालीं दिला. मग १९८१ सालीं सिटीबँकेनें आपला कार्डांचा कारभार न्यूयॉर्काहून साउथ डाकोटांत हलविला. तेथें व्याजाची मर्यादा आधींच उठविण्यांत आली होती.