पत्ते कंपनीचे, नियम घरचे

मेंढीकोट, झब्बू, बदाम सात, पाच-तीन-दोन या खेळांचे नियमपुस्तक सहसा कोणाच्या घरी नसते. सुट्टीत दोन घरांतील मुले एकत्र आली की पहिला डाव वाटण्यापूर्वी थोडी वादावादी होते. हुकूम बंद ठेवायचा की कट करायचा? ‘आमच्याकडे असेच खेळतात’ असे दोन्ही बाजू सांगतात, मग काहीतरी ठरते आणि पत्ते पिसले जातात. बावन्न पत्त्यांचा कॅट हे केवळ एक साधन आहे. खेळ तयार होतो तो नियमांमुळे, आणि नियम खेळणाऱ्यांच्या संमतीने चालतात. कॅट छापणारा कारखानदार त्यात कधी पडत नाही.

पण पत्तेही एकाच कंपनीचे, नियमही तिनेच लिहिलेले, आणि दर काही महिन्यांनी नवे पत्ते काढून विकणे हाच तिचा धंदा असेल, तर काय होईल? असा खेळ १९९३ साली अमेरिकेत निघाला. त्याचा इतिहास आम्हांला इथे मांडावासा वाटतो, तो त्यातील जादूगार आणि ड्रॅगन यांच्यासाठी नव्हे. नियम कोण करतो, ते कोण मोडतो आणि मोडलेल्या नियमांतून नवे नियम कसे उभे राहतात, हे या खेळात तीस वर्षांच्या अवधीत लख्ख दिसते.

खेळाचे नाव ‘मॅजिक : द गॅदरिंग’. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणिती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हर्बर्ट विल्फ या नामवंत गणितज्ञाच्या मार्गदर्शनाखाली त्याने चयनगणितात, म्हणजे क्रमचय व संचय यांच्या शास्त्रात, संशोधन केले आणि १९९३ मध्येच पीएच.डी. मिळवली. त्याच्या दोन वर्षे आधी तो पीटर अ‍ॅडकिसन या तरुणाकडे एका पटावरच्या खेळाची कल्पना घेऊन गेला होता. अ‍ॅडकिसन बोईंग या विमानकंपनीत नोकरी करी आणि ‘विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट’ नावाची छोटी कंपनी चालवी. पटाचा खेळ तयार करणे त्याच्या ऐपतीबाहेरचे होते. चटकन संपणारा, पिशवीत मावणारा, संमेलनांत दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल असा काही खेळ असेल तर सांग, असे त्याने गारफील्डला सुचवले.

गारफील्डचे उत्तर असे होते : सर्व खेळाडूंनी एकाच कॅटमधून पत्ते घ्यायचे नाहीत. शेकडो निरनिराळी कार्डे छापायची, ती बंद पाकिटांतून विकायची आणि प्रत्येकाने आपल्याजवळच्या कार्डांतून निवड करून आपला स्वतंत्र संच बांधायचा. पंधरा कार्डांच्या पाकिटात अकरा सर्रास मिळणारी, तीन कमी मिळणारी आणि एक दुर्मीळ. खेळाचे मूळ नियम थोडे; पण प्रत्येक कार्डावर त्या नियमाला मुरड घालणारा एखादा मजकूर. ही दुसरी कल्पना त्याने ‘कॉस्मिक एन्काउंटर’ या १९७७ च्या खेळावरून घेतली, हे त्याने मोकळेपणाने सांगितले आहे. पहिली चाचणी-कार्डे कागदावर छायाप्रती काढून, कात्रीने कापून केलेली होती आणि विद्यापीठातले मित्र ती महिनोन्‌महिने खेळत होते. त्यांतल्या काहींशी त्याची ओळख ब्रिजच्या क्लबात झाली होती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण आज खेळला जाणारा ब्रिजही एका घरगुती दुरुस्तीतूनच आला. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या जहाजावर सोबत्यांबरोबर गुण मोजण्याची नवी पद्धत वापरून पाहिली, आणि थोड्याच वर्षांत तिने जुन्या ऑक्शन ब्रिजला मागे टाकले.

ऑगस्ट १९९३ मध्ये गारफील्डचा खेळ बाजारात आला. पहिल्या छपाईची सुमारे २६ लाख कार्डे पाहता पाहता संपली. गारफील्डचा अंदाज असा होता की, एखाद्या पटाच्या खेळावर जितके पैसे खर्च करतात तितकेच लोक या कार्डांवर करतील. म्हणजे एका गावातल्या मित्रमंडळींकडे थोडीच कार्डे असतील, दुसऱ्या गावात वेगळी असतील, आणि बलाढ्य कार्ड कोणाकडे चुकून एखादेच असेल. त्यामुळे मूळ नियमांत संच किमान चाळीस कार्डांचा हवा एवढेच बंधन होते. एकाच कार्डाच्या प्रती किती असाव्यात यावर मर्यादा नव्हती. दुर्मीळपणा हीच मर्यादा!

हा अंदाज साफ चुकला. लोक पाकिटांच्या पेट्याच्या पेट्या घेऊ लागले. याचा परिणाम काय झाला हे पाहण्यासाठी थोडे गणित करू. अकरावी-बारावीचे विद्यार्थी ते स्वतः पडताळून पाहू शकतील. डावाच्या आरंभी सात कार्डे हातात येतात. समजा, कोणी चाळीसपैकी वीस कार्डे एकाच जातीची घातली. त्यांपैकी किमान एक पहिल्या हातातच येण्याची शक्यता ९९.६ टक्के, म्हणजे जवळजवळ खात्रीच. डाव सुरू होण्याआधीच निकाल ठरल्यासारखा. म्हणून १९९४ मध्ये कंपनीच्या स्पर्धा-विभागाने संच किमान साठ कार्डांचा आणि एका कार्डाच्या जास्तीत जास्त चार प्रती, असा दंडक घातला. आता विशिष्ट कार्ड पहिल्या हातात न येण्याची शक्यता काढू. चारही प्रती उरलेल्या ५३ जागांत असायला हव्यात, म्हणून ती (५३×५२×५१×५०) ÷ (६०×५९×५८×५७), म्हणजे सुमारे ०.६०. तेव्हा कार्ड येण्याची शक्यता ४० टक्के. एका ओळीच्या नियमाने खेळाचा स्वभावच पालटला.

याच सुमारास घरोघरी दुसरी एक दुरुस्ती आपोआप होत होती. मूळ नियमांत प्रत्येकाने एक कार्ड पैजेला लावावे आणि जिंकणाऱ्याने ते घेऊन जावे असे होते. पैसे देऊन घेतलेले कार्ड असे घालवणे बहुतेकांना रुचेना, आणि त्याला जुगाराचाही वास येत होता. मुलांनी पैजेचा नियम सरळ गाळला. १९९५ नंतर कंपनीनेही पैजेचा उल्लेख असलेली नवी कार्डे काढली नाहीत. खेळणाऱ्यांनी नियम रद्द केला आणि नियम करणाऱ्याला तो नंतर मान्य करावा लागला, याचे हे पहिले ठळक उदाहरण.

जानेवारी १९९५ मध्ये कंपनीने ‘टाइप टू’ नावाची स्पर्धापद्धती आणली. तीत फक्त अलीकडच्या काळात छापलेली कार्डे चालत. जुनी क्रमाक्रमाने बाद होत. यामागे निव्वळ नफ्याचा विचार होता असे आम्ही म्हणणार नाही. उशिरा आलेल्या मुलाला १९९३ ची महागडी कार्डे नसतानाही बरोबरीने खेळता यावे, ही सोय खरीच होती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी : हौसेने जमवलेली कार्डे दोनेक वर्षांत स्पर्धेपुरती रद्दी होऊ लागली. त्या कार्डांचे करायचे काय, या प्रश्नातून घरगुती प्रकारांचे पीक आले. कोणी केवळ सर्रास मिळणारी स्वस्त कार्डेच वापरायची असे ठरवले. हा ‘पॉपर’, म्हणजे कंगालांचा खेळ. छापील कार्डांसाठी त्याला अधिकृत मान्यता मिळायला २०१९ साल उजाडले. कोणी आपल्या संग्रहातली निवडक कार्डे एकत्र करून त्यांतूनच सर्वांनी आळीपाळीने उचलायची पद्धत काढली, तिला ‘क्यूब’ म्हणतात. पण सर्वांत दूर गेला तो अलास्कातला प्रकार.

जून १९९४ मध्ये ‘लेजंड्‌स’ नावाचा कार्डसंग्रह निघाला होता. त्यात पाच वृद्ध ड्रॅगन होते. दिसायला भव्य, सामर्थ्य सात. पण ते मैदानात आणायला आठ एकक शक्ती लागे, आणि पुढे प्रत्येक पाळीला आणखी तीन एकक मोजले नाहीत तर ते हातचे जात. स्पर्धेत असला पांढरा हत्ती कोण पोसणार! अलास्कात राहणाऱ्या अ‍ॅडम स्टेली याने आपल्या मित्रमंडळासाठी १९९६ च्या सुमारास एक वेगळा खेळ रचला. प्रत्येकाने या पाचांपैकी एक ड्रॅगन सेनापती म्हणून निवडायचा. सेनापती संचात न मिसळता बाजूला उघडा ठेवायचा, म्हणजे तो हवा तेव्हा मिळण्याची खात्री. खेळात पाच रंगांची कार्डे असतात. संचात मात्र सेनापतीच्या रंगांचीच चालतील. आणि रोजची साधी ‘जमीन’ कार्डे सोडली तर कोणतेही कार्ड एकदाच. ‘हायलँडर’ या १९८६ च्या चित्रपटात शेवटी एकच वीर उरतो, त्यावरून या एकेरी पद्धतीला तेच नाव पडले होते. म्हणून या खेळाचे नाव ‘एल्डर ड्रॅगन हायलँडर’.

या नियमांमागचा विचार पाहण्यासारखा आहे. आज रूढ असलेल्या रूपात संच शंभर कार्डांचा : एक सेनापती आणि ९९ इतर. एखादे विशिष्ट कार्ड पहिल्या हातात येण्याची शक्यता ७/९९, म्हणजे अवघी सात टक्के. ९९.६, मग ४०, मग ७ : ज्या अनिश्चिततेवर गारफील्डने भिस्त ठेवली होती आणि जी लोकांच्या खरेदीने नष्ट केली होती, ती एका मित्रमंडळाने नियमाच्या जोरावर परत आणली. शिवाय हा खेळ दोघांचा नव्हे, बहुधा चौघांचा. फार जोर करणाऱ्यावर उरलेले तिघे मिळून चालून जातात, त्यामुळे दुबळ्या संचालाही निभाव लागतो. एकाच सेनापतीकडून एकवीस घाव बसले की खेळाडू बाद, असाही नियम आहे. एकवीसच का? ड्रॅगनचे सामर्थ्य सात, आणि साती त्रिक एकवीस! पुढे इतर शेकडो कार्डे सेनापती होऊ शकली, पण एकवीसचा आकडा राहिला. आपल्या शरीरातल्या अवशेषी अवयवांची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

अलास्कातून हा खेळ बाहेर नेला तो शेल्डन मेनरी यांनी. ते या खेळाचे सर्वोच्च दर्जाचे पंच होते आणि सैन्यातील नोकरीमुळे अलास्कात असताना तो शिकले होते. मोठ्या स्पर्धांच्या वेळी दिवसभर इतरांच्या चुका तपासून थकलेले पंच रात्री आपसांत हा खेळ मांडून बसत आणि मग आपापल्या देशी घेऊन जात. पसारा वाढला तशी मेनरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नियम-समिती स्थापन केली. ती कंपनीची नव्हती. कोणती कार्डे या खेळात चालणार नाहीत हे ती ठरवी, आणि तिला अधिकार होता तो लोक तिचे ऐकत एवढाच.

कंपनीला १९९७ मध्ये पेटंट मिळाले होते. मोठ्या साठ्यातून स्वतःचा संच बांधणे, कार्ड वापरले की आडवे करणे, अशा गोष्टी त्यात येत. त्याची मुदत आता संपली आहे. पण पेटंट असतानाही घरी बसून नियम बदलणाऱ्याला ते काय करणार? कंपनीने विरोध न करता धोरणीपणा दाखवला. १९९९ पासून ती हॅस्ब्रो या खेळणी-कंपनीच्या मालकीची झाली होती. २०११ मध्ये तिने याच प्रकारासाठी पाच तयार संच विकायला काढले आणि नाव दिले ‘कमांडर’. पुढच्या दशकात हा खेळाचा सर्वांत लोकप्रिय प्रकार बनला. टाकाऊ कार्डांना कामाला लावण्यासाठी जन्मलेल्या प्रकारासाठी आता खास नवी, दुर्मीळ आणि महाग कार्डे छापली जाऊ लागली. २०२० मध्ये आलेले ‘ज्वेल्ड लोटस’ हे त्यांतलेच. सेनापती झटपट मैदानात आणण्यापलीकडे त्याचा जवळजवळ उपयोग नाही.

आमच्या मते पेच इथे पडला. खेळाचे नियम स्वयंसेवकांच्या हाती, आणि त्या नियमांवर हजारो लोकांच्या कार्डांची किंमत अवलंबून. मेनरी सप्टेंबर २०२३ मध्ये वारले. २३ सप्टेंबर २०२४ रोजी समितीने चार कार्डांवर बंदी घातली, त्यात ज्वेल्ड लोटस आणि ‘मॅना क्रिप्ट’ ही महागडी कार्डे होती. पहिल्या काही पाळ्यांतच एखादा खेळाडू फार पुढे निघून जातो, हे समितीचे कारण खेळाच्या दृष्टीने रास्त होते. पण कार्डांचे भाव कोसळले आणि समितीच्या सदस्यांना धमक्या येऊ लागल्या. पत्त्याच्या खेळाचा नियम बदलला म्हणून जिवाची भीती! आठवड्याच्या आत, ३० सप्टेंबरला, समितीने खेळाची सूत्रे कंपनीकडे सोपवल्याचे जाहीर झाले.

ही घटना केवळ कंपनीच्या लोभाची कथा म्हणून सांगणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. धमक्या देणारे कंपनीचे नोकर नव्हते, खेळणारेच होते. एकमेकांना ओळखणाऱ्या पाच-सात जणांत नियम संमतीने बदलतो, कारण रुसलेल्याची समजूत घालता येते. लाखो अनोळखी लोकांत ती सोय नसते, आणि कार्ड ही गुंतवणूक झाली की नियमाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. मेंढीकोटातल्या दश्शीला बाजारभाव नाही, हे त्या खेळाचे किती मोठे भाग्य!

कंपनीने त्याच वर्षी जाणत्या खेळाडूंचे एक सल्लागार मंडळ नेमले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये संचांची त्यांच्या बळानुसार पाच गटांत वर्गवारी सुचवली. आपला संच कोणत्या गटातला हे डाव मांडण्यापूर्वी एकमेकांना सांगावे, अशी त्यामागची अपेक्षा. एप्रिल २०२५ मध्ये पूर्वी बाद केलेली पाच कार्डे मोकळी करण्यात आली. सप्टेंबरमधली चार त्यात नव्हती. मात्र घरच्या टेबलावर चौघांचे एकमत झाले, तर तीही खेळता येतात.