भट्टीनंतरचा रंग ओळखणारे हात

सातपाटीच्या घराघरांत लोणच्याची चिनी मातीची बरणी असते. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरा. तिला कुंचला लागत नाही. दोन वेगवेगळ्या झिलयांत बुडवून भाजली की झाली तयार. पण मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात निळ्या-हिरव्या नक्षीची जी जुनी भांडी आहेत, त्यांवरची रेघ न् रेघ कुणीतरी हाताने काढलेली आहे. हे हात कोणाचे?

मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत 1870च्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी कुंभारकामाचा कारखाना सुरू केला. सिंधमध्ये झिलईच्या भांड्यांची जुनी परंपरा होती, म्हणून तिथले कुंभार आणवले. त्याच सुमारास, 1872पासून, जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करीत होते. तिथली नक्षी मुंबईच्या भांड्यांवर उतरली.

सिंधी कारागीर कागदाला नक्षीप्रमाणे टोचे मारीत, तो भांड्यावर धरून कोळशाची पूड थापीत आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून रेघ काढीत. ठिपके वाट दाखवीत. रंगाची जाण मात्र स्वतःच कमवावी लागे. कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळे दिसते. भट्टीत ते वितळलेल्या झिलईत विरघळते आणि गडद निळे होते. तांब्याची तऱ्हा आणखी वेगळी. शिसे असलेल्या झिलईत ते हिरवे दिसते, तर सोडा-पोटॅशच्या झिलईत निळसर फिरोजी. म्हणजे कारागीर डोळ्यांपुढचा रंग लावीत नसे, तर उद्या भट्टीतून निघणारा रंग मनात धरून कुंचला चालवी. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता त्याने हे ज्ञान कमावले होते.

शिवाय चूक सुधारायला वाव नव्हता. वर्गात एक प्रयोग करून पाहा. साध्या पणतीवर आणि झिलईच्या बशीवर शाईची एकेक रेघ ओढा. बशीवरची ओली रेघ पुसता येते. पणती मात्र सच्छिद्र असल्याने शाई क्षणात शोषून घेते. झिलईखालचे चित्र असल्याच सच्छिद्र मातीवर काढतात.

1885 साली लंडनमध्ये लागलेल्या आगीत अजिंठ्याच्या त्या नकलांपैकी अनेक जळाल्या. कापड जळाले, पण आगीतूनच तयार झालेल्या भांड्यांवर अजिंठ्याची नक्षी आजही ताजी आहे.

इतिहासात टेरी आणि ग्रिफिथ्स यांची नावे राहिली. कुंचला धरणाऱ्या बहुतेकांची राहिली नाहीत. नाव हरवले तरी निदान कसब पुढच्या हातात जायला हवे, आणि ते वहीत उतरवून ठेवले नाही तर हातांबरोबरच संपते. म्हणून विद्यार्थ्यांना एक काम द्या. गावातला होड्या बांधणारा, जाळी विणणारा, मडकी घडवणारा गाठायचा. तो काय करतो आणि तसेच का करतो, हे विचारून लिहून काढायचे. आणि वहीच्या पहिल्या ओळीत त्याचे पूर्ण नाव घालायचे.