बोरीचा वंश

संक्रांतीच्या सुमारास आपण लहान मुलांस बोरन्हाण घालतों. हें फळ आपल्या घरांत किती जुनें आहे? पुणें जिल्ह्यांतील इनामगांव येथें १९६८ सालापासून उत्खनन झालें. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तींत बोराच्या आठोळ्या सांपडल्या. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वींही या अवर्षणाच्या मुलुखांत लोक बोरें खात होते.

बोरीच्या फुलास बहुधा परक्या झाडाचा पराग लागतो; म्हणून आठोळीपासून उगवलेलें प्रत्येक झाड निराळें. कांहीं आंबट, कांहीं गोड, कांहीं विशेष काटक. याउलट डोळा भरून केलेलें कलम मूळ झाडाची हुबेहूब प्रत होय. १९९० सालीं रोजगार हमींतून फळबाग योजना निघाली आणि कलमी बोरींच्या बागा वाढल्या. त्यांत उमराण जातीस मोठी मागणी होती. शेतकऱ्यास चार पैसे मिळाले, हें चांगलेंच झालें. परंतु एकसारख्या बागेंत भुरी रोग शिरला, तर तो कोणत्या झाडास सोडील?

बिकानेर येथील केंद्रीय शुष्क बागवानी संस्थेनें बोरीचे अनेक प्रकार जोपासले आहेत. तथापि गांवोगांवच्या बांधांची राखण एका संस्थेनें कशी व्हावी? बांधावरची गोड बोरी तोडण्यापूर्वीं तिचा डोळा दुसऱ्या झाडावर अवश्य भरावा. आठोळींतून पुन्हां बोरी उगवेल. तीच बोरी मात्र उगवणार नाहीं.