मुलांच्या पुस्तकांतील चित्रें

मुलांसाठीं सचित्र पुस्तक घ्यावयाचें झालें म्हणजे बहुतेक आईबाप प्रथम रंग पाहतात, मग किंमत पाहतात, आणि विषयाचा विचार राहिलाच तर शेवटीं करतात. चित्र म्हणजे मुलाला वाचनाकडे ओढणारें आमिष, अशी यामागची समजूत आहे. ती सर्वस्वीं खोटी नाहीं. परंतु जिज्ञासू मुलाच्या बाबतींत ती अपुरी आहे, असें आम्हांस वाटतें. ती रूढ कशी झाली, आणि चित्राचें खरें काम दाखविणारें उदाहरण आमच्याच मुलखांत कोठें सांपडतें, हें येथें पाहावयाचें आहे.

चित्रानें शिकवावें ही कल्पना जुनी आहे. मोराव्हियाचा शिक्षणवेत्ता कोमेनियस याचें लॅटिन व जर्मन शिकविणारें सचित्र पुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें प्रसिद्ध झालें. त्यांतील चित्रांत निरनिराळ्या वस्तूंवर आंकडे घातलेले असून तेच आंकडे मजकुरांतील शब्दांसही दिलेले आहेत. मूल शब्दावरून वस्तूकडे आणि वस्तूवरून शब्दाकडे जातें. चित्र येथें मजकुराचा दागिना नसून त्याचें अर्धें अंग आहे.

मराठींत बालवाङ्मयाचा आरंभ निराळ्या हेतूनें झाला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचीं ‘इसापनीति’ व ‘बाळमित्र’ हीं भाषांतरें १८२८ सालचीं. मुलानें काय विचारावें यापेक्षां त्यानें कसें वागावें, याची चिंता त्या काळीं अधिक होती. पुढें अमेरिकन मिशननें १८७२ सालीं ‘बालबोधमेवा’ काढला. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांचें ‘बालबोध’ निघालें, आणि १९०६ सालीं वासुदेव गोविंद आपटे यांचा ‘आनंद’ सुरू झाला. या मासिकांनीं मराठी मुलांस वाचनाची गोडी लावली, हें ऋण मोठें आहे. परंतु चित्राच्या मार्गांत एक रोकडी अडचण होती. अक्षरांचे खिळे एका पुस्तकांतून सोडवून दुसऱ्यास वापरतां येत. चित्राचा ठसा मात्र त्या एका चित्रापुरताच, आणि तो स्वतंत्र कारागिराकडून करून घ्यावा लागे. म्हणून चित्र खर्चाचें झालें, आणि खर्चाचें म्हणूनच शोभेचें ठरलें. एकदां केलेला ठसा वसूल व्हावा यासाठीं तो जुळो न जुळो, दुसऱ्या मजकुराशेजारीं बसविण्याचा मोहही छापखान्यांस पडणें स्वाभाविक होतें. आमिषाच्या समजुतीचें मूळ, आमच्या मतें, या हिशेबांत आहे.

आतां आमच्या मुलखाकडे वळूं. वाळवें तालुक्यांतील इस्लामपूर १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होतें. त्या वर्षीं दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. इंग्रजी अमलांत इस्लामपूर खालसा मुलखांत, तर कृष्णेपलीकडील कुंडल औंध संस्थानांत, अशी वांटणी होती. या संस्थानचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार होते. त्यांचें चित्ररामायण १९१६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९२८ सालीं सूर्यनमस्कारांवरील त्यांचें सचित्र पुस्तक निघालें.

एकाच गृहस्थाचीं हीं दोन पुस्तकें शेजारीं ठेवलीं म्हणजे चित्राचीं दोन कामें स्पष्ट होतात. रामकथा चित्रावांचूनही कळते. चित्र तेथें भाव गडद करतें. नमस्कारांतील एकामागून एक येणाऱ्या शरीराच्या स्थिति मात्र नुसत्या शब्दांनीं समजाविण्याचा यत्न करून पाहावा! हात कोठें टेकावा, गुडघा कोठें यावा, हें चित्र पाहिल्यावांचून उमगत नाहीं. येथें चित्र काढून घेतलें तर ज्ञानच नाहींसें होतें. पहिल्या प्रकारच्या चित्रांस आम्ही कमी लेखीत नाहीं. मुलाच्या मनाला त्यांचीही गरज आहे. परंतु ज्ञान देणारें पुस्तक म्हणून जें आपण विकत घेतों, त्यांत दुसऱ्या प्रकारचें चित्र असलेंच पाहिजे.

यावरून एक सोपी कसोटी निघते. पुस्तक घेण्यापूर्वीं चित्रावर तळहात ठेवून मजकूर वाचावा. कांहींच उणें वाटलें नाहीं, तर तें चित्र शोभेचें. मग मजकूर झांकून चित्र पाहावें. त्यावरून मुलाला एखादा नवा प्रश्न सुचला, तर तें चित्र जिवंत. साखराळ्याचा साखर कारखाना इस्लामपूरच्या मुलाला परका नाहीं. धुराडें आणि हंसरा शेतकरी एवढेंच दाखविणारें रंगीत पान त्याला कांहीं देत नाहीं. उलट, रुळांमध्यें पिळला जाणारा ऊंस, चुना घालून निवळलेला रस, तो आटविण्याचीं भांडीं, आणि वेगानें फिरणाऱ्या जाळीदार पिंपांत मळीपासून सुटणारे साखरेचे दाणे क्रमानें दाखविणारी साधी काळी आकृति त्याच्या दहा प्रश्नांना वाट करून देईल. चित्रांतील प्रमाणही तपासावें. मुंगी आणि हत्ती एकाच मापाचे काढून खरें माप न सांगणारें पुस्तक मुलाला नकळत फसवितें.

पूर्वींची टंचाई आतां राहिली नाहीं. ‘सृष्टिज्ञान’ १९२८ सालीं निघालें. पाठ्यपुस्तक मंडळाची स्थापना १९६७ सालीं व त्याच्या ‘किशोर’ मासिकाची १९७१ सालीं झाली. ‘किशोर’चे जुने अंक तर संगणकावर विनामूल्य वाचावयास मिळतात. चित्राचा खर्च उतरला. पण खर्चाच्या दिवसांतली समजूत मात्र उतरली नाहीं. रंग स्वस्त झाल्यानें ती उलट बळावली आहे.

ज्या घरांत वर्षाकांठीं दोनच पुस्तकें येतात, तेथें ही निवड क्षुल्लक नव्हे. मूल प्रश्न घेऊन पुस्तकाकडे जातें. दोनदां, तीनदां रित्या हातानें परतलें म्हणजे तें पुस्तकावर रागावत नाहीं; तें प्रश्न विचारणेंच सोडून देतें. हें नुकसान कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं, म्हणूनच तें टाळण्याची जबाबदारी पुस्तक निवडणाऱ्यावर अधिक आहे.