पायांची मुखत्यारी

किशोरवयीन मुलांच्या आरोग्याचा हिशेब बहुधा मिनिटांत मांडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल हवी. २०१६ च्या जागतिक अंदाजात ११ ते १७ वयोगटातले ८१ टक्के विद्यार्थी त्यात कमी पडले; भारतात हे प्रमाण सुमारे ७४ टक्के. भारत जरा बरा का, याची संभाव्य कारणे अभ्यासकांनी दिली ती अशी: मुलग्यांचे क्रिकेट आणि मुलींचे घरकाम. मिनिटे दोघांची धरली गेली. पण त्याने खेळ निवडला होता, तिच्या वाट्याला काम आले होते.

धुणे आणि धावणे यांतला फरक स्नायूंना फारसा कळत नसेल, मनाला कळतो. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्णय सिद्धांतात स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या मनाच्या मूलभूत गरजा मानल्या आहेत. त्या भागल्या तर हालचालीची गोडी टिकते आणि मनही सुदृढ राहते. शिट्टीवर चाललेली कवायत शिट्टीबरोबरच संपते. अर्थात स्वायत्तता म्हणजे मनमानी नव्हे. पटले म्हणून खुरपायला बसलेली मुलगीही स्वायत्तच.

जुन्नर तालुक्यातल्या डिंगोऱ्यासारख्या गावात मात्र निवडीला भूगोल आडवा येतो. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर-आंबेगावात ऊस वाढला आणि उसात बिबट्याला आडोसा मिळाला. मळ्यात विखुरलेल्या वस्तीवरून दिवस मावळल्यावर पोराला एकटे कोण सोडेल? दुसरीकडे कल्याण-नगर महामार्गाची वाहतूक. आईबापांची धास्ती खरी आहे. तिला मागासलेपणा म्हणणाऱ्याने एकदा उसाच्या कडेने अंधारात चालून पाहावे. पण या धास्तीचा भार सारखा वाटला जात नाही. भाऊ मोटारसायकलवर मागे बसून जातो, बहिणीचे जाणेच रद्द होते.

म्हणून ‘शाळा सुटल्यावर खेळा’ हा सल्ला इथे पोकळ ठरतो. अहिल्याबाई होळकर योजनेचा एसटी पास मुलीला शाळेपर्यंत फुकट आणतो, पण परतीची गाडी चुकवून तिला मैदानावर थांबता येत नाही. खेळ शाळेच्या वेळेतच हवा, आणि त्या तासाला कबड्डी, खो-खो की नुसते पळणे, हे मुलामुलींनी ठरवावे. गणिताच्या जादा तासासाठी पहिला बळी याच तासाचा जातो, तेवढे मुख्याध्यापकांनी थांबवावे.