रत्नागिरी परिसरातील आगीचे बंब व त्यांवरील माणसे

'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' ही म्हण मराठीत थट्टेने वापरली जाते. परंतु अग्निशमनाच्या इतिहासाचा विचार करताना ती गंभीरपणे घ्यावी अशी आहे. आग कोठे लागते आणि बंब कोठे उभा असतो, ह्या दोन स्थळांमधील अंतर हाच त्या इतिहासाचा मुख्य विषय होय. 'बंब' हा शब्द पंप ह्या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून मराठीत आला, आणि न्हाणीघरात पाणी तापविण्याच्या तांब्याच्या भांड्यासही तोच लागला. विस्तव पोटात बाळगणारा आणि विस्तव विझविणारा ह्या दोघांस भाषेने एकाच नावाने ओळखावे, ही गंमत येथे नोंदवून पुढे जाणे बरे.

एखाद्या नगराचे आगीपासून कितपत संरक्षण झाले आहे हे तेथील बंबांच्या संख्येवरून ठरविण्याचा प्रघात आहे. रत्नागिरीच्या बाबतीत हे माप दोन कारणांनी अपुरे पडते. बंबावर बसणाऱ्या माणसांची मोजदाद त्यात होत नाही, हे एक कारण. दुसरे असे की, हे माप नगराच्या लोकवस्तीवर बसविलेले आहे. उलट ह्या परिसरात सर्वांत अधिक क्षेत्र जाळणारी आग लोकवस्तीबाहेर, सड्यावर लागते.

रत्नागिरीची नगरपालिका १८७६ मध्ये स्थापन झाली. त्या काळी कोकणातील घराच्या भिंती मातीच्या किंवा जांभ्या दगडाच्या असत, पण छपरे पुष्कळ ठिकाणी गवताची वा नारळीच्या झापांची होती. अशा छपरास आग लागली म्हणजे विहिरीवरून हातोहात येणाऱ्या घागरींपेक्षा शेजारच्या घराचे शाकार ओढून काढणाऱ्या हातांचाच उपयोग अधिक होई. म्हणजे आग विझविण्याचे 'दल' हे आळीतील माणसांचेच होते. त्याला पगार नव्हता, पाळी नव्हती आणि यंत्रही नव्हते. १९०१ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका अधिनियमाने आग विझविणे आणि आगीच्या प्रसंगी जीवित व मालमत्ता ह्यांचे रक्षण करणे हे नगरपालिकांच्या कर्तव्यांत घातले. महाराष्ट्राच्या १९६५ च्या नगरपालिका अधिनियमाने तेच पुढे चालविले. कर्तव्य अशा रीतीने नगरपालिकेच्या हद्दीशी बांधले गेले, ही गोष्ट पुढील विवेचनात लक्षात ठेवावी लागेल.

मुंबईचा अनुभव येथे उपयोगी पडतो. फेब्रुवारी १८०३ मध्ये कोटातील बाजारास लागलेल्या भीषण आगीनंतरही मुंबईत आग विझविणे हे दीर्घकाळ पोलिसांचे जोडकाम राहिले. १८८७ मध्ये ते नगरपालिकेकडे आले. मोटारीवर चालणारा पहिला बंब १९०७ मध्ये घेण्यात आला आणि घोड्यांचे बंब हळूहळू मागे पडले. ह्या दोन घटनांपैकी इतिहासग्रंथांत दुसरीचे वर्णन अधिक रंगते. वस्तुतः पहिली अधिक महत्त्वाची होय. आग विझविणे हाच ज्याचा व्यवसाय आहे असा मनुष्य निर्माण झाला, तेव्हाच यंत्राला अर्थ आला. १४ एप्रिल १९४४ रोजी गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ह्या जहाजाचा स्फोट झाला त्या वेळी मुंबईजवळ बंबांची वाण नव्हती. त्या दिवशी दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. देशभर १४ एप्रिलपासून पाळला जाणारा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात केंद्र शासनाने स्थायी अग्निशमन सल्लागार समिती नेमली. बंबांच्या संख्येचे जे प्रमाण आजही आधारभूत मानले जाते ते ह्या समितीचे: तीन लाखांपर्यंतच्या नगरात दर पन्नास हजार लोकवस्तीस एक बंब, आणि त्यापुढील प्रत्येक लाखास आणखी एक. शहरात पाच ते सात मिनिटांत व ग्रामीण भागात वीस मिनिटांत बंब पोहोचावा, हीही अपेक्षा त्याच परंपरेतील. रत्नागिरी शहराची लोकसंख्या १९६१ मध्ये सुमारे ३१ हजार व २०११ मध्ये सुमारे ७६ हजार होती. तेव्हा ह्या प्रमाणाने शहरास पूर्वी एक बंब आणि आता दोन बंब पुरेसे ठरतात. हिशोब येथेच संपला असता तर प्रश्न सोपा होता.

एका पाण्याच्या बंबावर सामान्यतः एक प्रमुख फायरमन, एक चालक आणि चार फायरमन अशी सहा माणसे धरली जातात. आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या तर अठरा माणसे लागतात. प्रत्येकास आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्यावयाची तर हीच संख्या एकवीस होते; रजा, आजारपण आणि शिक्षणासाठी बाहेर पाठविलेली माणसे ह्यांची भर वेगळीच. म्हणजे दोन बंबांना किमान बेचाळीस माणसे हवीत. चोवीस तास काम व चोवीस तास विश्रांती ही दोन तुकड्यांची पद्धत स्वीकारल्यास एका बंबास बारा माणसे व थोडी राखीव एवढ्यावर भागते. परंतु मग ती माणसे हाकेच्या अंतरावर राहावी लागतात, आणि केंद्राला लागून त्यांच्या निवासाची सोय करणे भाग पडते. बंब एकदाच विकत घ्यावा लागतो आणि त्यासाठी शासनाचे अनुदानही मिळू शकते. माणसाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. लहान नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात बंब दिसतो आणि माणसे गळतात, ह्याचे कारण हेच.

सहाच्या जागी तीनच माणसे बंबाबरोबर गेली तर काय होते हेही पाहण्यासारखे आहे. चालकास पंपापासून हलता येत नाही. उरलेल्या दोघांपैकी एकाने नळीचे तोंड धरावयाचे आणि दुसऱ्याने नळी ओढावयाची. धुराने भरलेल्या खोलीत जोडीने शिरावे हा ह्या व्यवसायाचा साधा नियम. तो पाळण्यास मग कोणी शिल्लक राहत नाही. कागदावर बंब पोहोचल्याची वेळ नोंदली जाते, आणि ती वेळ खरीही असते.

आता सड्याकडे वळावयास हवे. दिवाळीनंतर कोकणातील गवत वाळू लागते आणि माघ-फाल्गुनापासून वणव्यांचे दिवस सुरू होतात. एखादी ठिणगी वाऱ्याबरोबर सडा ओलांडून आंबा-काजूच्या बागेत शिरते. कलम धरून फळावर येण्यास कित्येक वर्षे लागतात. ते एका दुपारी करपते, आणि त्याच हंगामात मोहोर वा फळ धरलेले असते. बंब तेथे पोहोचला तरी मोटाररस्त्यावरच थांबतो. पुढे पाणंद, गडगे आणि चढ असतात. साडेचार हजार लिटर पाण्याचा बंब मिनिटास साडेचारशे लिटर ह्या मानाने एकच नळी चालविली तरी दहा मिनिटांत रिकामा होतो. मग भर उन्हाळ्यात पाणी शोधण्याचा प्रश्न येतो.

म्हणून वणवा विझविणारे खरे दल आजही वाडीचेच आहे. हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आग मारणे आणि तिच्या पुढचे गवत काढून वाट तोडणे ही त्याची साधने. तथापि ह्या दलाची रचना कोकणच्या सामाजिक इतिहासाने ठरविलेली आहे. मुंबईच्या गिरण्यांनी व नोकऱ्यांनी कर्ते पुरुष ओढून नेले; १९६१ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे बाराशेहून अधिक स्त्रिया होत्या, आणि २०११ मध्येही हे प्रमाण ११२२ होते. वणव्याच्या वेळी वाडीत बहुधा स्त्रिया आणि वृद्ध असतात. हंगामापूर्वी बागेभोवती बेणणी करून जाळरेषा काढण्यासही माणसे लागतात. तीही मजुरीने आणावी लागतात आणि ज्याला परवडते तोच आणतो.

शासनव्यवस्थेत ह्या दलास स्थान नाही. शेजारच्या गोव्यात अग्निशमनासाठी राज्य शासनाचे स्वतंत्र संचालनालय असून केंद्रे त्याच्या अखत्यारीत चालतात. महाराष्ट्रात ही सेवा प्रामुख्याने नगरसंस्थांची आहे. १९९३ पासून अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनेही तिची गणना नगरपालिकांच्या विषयांतच केली. औद्योगिक विकास महामंडळाने लोटे-परशुराम येथील रासायनिक कारखान्यांसाठी स्वतःचे केंद्र ठेवले, कारण तेथील धोका निराळा होता. २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाचा रोख इमारतींवर आहे. हद्दीबाहेरच्या गावातून हाक आली म्हणजे शहराच्या करातून पोसलेला बंब आणि त्यावरील माणसे तिकडे धावतात, आणि तेवढा वेळ शहर त्यांच्यावाचून राहते. न धावावे तर बाग जळते. दोन बंबांपैकी एक हातखंब्याकडे महामार्गावर उलटलेल्या गॅसच्या टँकरपाशी अडकला असेल, तर हा निर्णय पाळीवरील प्रमुखास एकट्यास, दूरध्वनी हातात असतानाच घ्यावा लागतो.